तीन मोजेपर्यंत विझणारा दिवा

डोंबिवली (पूर्व)
१० जानेवारी १९९९

गुणाजी,

काल ठाण्याच्या मासळी बाजारात तू मला पाहिलंस आणि पाठ फिरवलीस. मी हात वर केला होता. तो तसाच डोक्यावर नेला आणि केस सारखे केल्यासारखं दाखवलं. केस कुठे राहिलेत म्हणा, पण चार लोकांसमोर हाताचं काहीतरी करावं लागतं. एकोणीस वर्षं एका वर्कशॉपमध्ये काढली आपण, तू स्टिअरिंगवर आणि मी गाडीच्या पोटाखाली, आणि आता ओळख दाखवायचीही चोरी. कागदाला काही पाठ फिरवता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

धोंडीबा सांगत होता, तू हल्ली भावाच्या होडीवर जातोस, कळव्याच्या खाडीत. बरं आहे, हात रिकामे नसावेत. शेवंतीला नमस्कार सांग. मंदाकिनी तिची आठवण काढते, तिने शिकवलेलं कोळंबीचं कालवण अजून आमच्याकडे तसंच होतं.

केस कल्याणच्या कोर्टात लागली आहे असं ऐकलं, सहा एप्रिलला. म्हणून चार शब्द सांगतो. काळुरामचं फार वाईट झालं. भाजीची सायकल घेऊन कडेने चाललेला माणूस, त्याचा काय दोष? पण शीळ रोडला ऑगस्टच्या पावसात रिकामा टँकर कोणाच्याही हातून घसरला असता. तेवढंच सांग आणि गप्प बस. कंपनीच्या चौकशीत तू त्या पिवळ्या दिव्याचं काढलंस, आणि सगळ्यांना वाटलं की ड्रायव्हर सबबी शोधतोय. अपघातानंतर माणसाला मागच्या गोष्टी वेगळ्या आठवतात, तसा तो तुझा भास होता. वकिलालाही सांगून ठेव, दिव्याचा विषय नको.

राग धरू नकोस.

विश्राम

ता. क. वाचून झाल्यावर फाडून टाक.


डोंबिवली
२ फेब्रुवारी १९९९

गुणाजी,

तीन आठवडे झाले. कळवा ते डोंबिवली पोस्टमन चालत आला तरी एव्हाना उत्तर पोचलं असतं. नाही लिहायचं तर नको लिहूस. पण मनात काय धरून बसला आहेस ते मला ठाऊक आहे. मी चौकशीत तुझ्याविरुद्ध साक्ष दिली आणि तुझी नोकरी गेली, हेच ना?

अरे, मला जे विचारलं त्याचं मी उत्तर दिलं. ‘वाहनाचा सूचक दिवा नियमाप्रमाणे चालू होता काय?’ मी म्हटलं, होता. रजिस्टरला माझी सही आहे, मग दुसरं काय म्हणणार?

तुला आठवतं, सत्त्याण्णव साली ते दोन परदेशी टँकर आले तेव्हा आपल्या सगळ्यांच्या अंगात आलं होतं. ब्रेक दाबला तरी चाकं जाम होत नाहीत म्हणे! गाडीबरोबर आलेल्या जाडजूड पुस्तकात त्या दिव्यावर आख्खं पान होतं. चावी फिरवली की डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागलाच पाहिजे, म्हणजे बल्ब जिवंत आहे हे कळेल. मग आपोआप विझला पाहिजे. विझला नाही, किंवा रस्त्यात मध्येच लागला, तर ती यंत्रणा बंद पडली असं समजायचं. बिघाड मागे ट्रेलरच्या चाकात असला तरी तो पुढे ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर दिसलाच पाहिजे. मी ते पान तीन रात्री डिक्शनरी घेऊन मराठीत आणलं आणि टाइप करून दोन्ही केबिनमध्ये चिकटवलं. ‘दिवा विझलेला असेल तर पाय पूर्ण दाबा, सोडू नका. दिवा जळत असेल तर जुन्या सवयीने, दाबत-सोडत.’

आणि तू? पंचवीस वर्षं दाबत-सोडत ब्रेक मारलेला तुझा पाय ऐकेना. कारखान्याच्या मैदानात पाण्याचा पाइप सोडून मी तुला अकरा दिवस शिकवलं. मी बाजूच्या सीटवर बसून ओरडायचो, “सोडू नकोस! दाबून धर!” आणि तू म्हणायचास, “साएब, पायाला कसा सांगू?” मी म्हणायचो, “दिव्याकडे बघ. दिवा सांगेल ते ऐक.” बाराव्या दिवशी तुझा पाय ऐकला. त्या संध्याकाळी तू माझ्या घरी निवट्या, खाडीतली ताजी मासळी, घेऊन आलास.

हे सगळं आज लिहायचं कारण इतकंच, की मी तुझं वाईट चिंतीन असं तुला वाटूच कसं शकतं?

वकिलाला पुढची तारीख मागायला सांग. मे महिन्यानंतरची. एकतीस मेला मी रिटायर होतोय, मग निवांत बोलू.

विश्राम

फाडून टाक.


डोंबिवली
५ मार्च १९९९

गुणाजी,

काल कंपनीत सुरक्षा दिन झाला. मला शाल, नारळ आणि काचेची एक ढाल मिळाली. ‘अठ्ठावीस वर्षांची निर्दोष सेवा.’ मॅनेजरसाहेब म्हणाले, दोन शब्द बोला. मी दिव्यावरच बोललो. गाडी स्वतः होऊन आपलं दुखणं सांगते, आपण फक्त बघायला शिकलं पाहिजे, वगैरे. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत धोंडीबा बसला होता. तो हसला. मोठ्याने नाही, मिशीतल्या मिशीत. मी पाणी पिऊन वेळ मारून नेली.

धोंडीबाचं तुला माहीतच आहे. दुसऱ्या टँकरवर तो होता. मागच्या जूनमध्ये त्याच्या गाडीत दिवा जळत राहायला लागला तेव्हा या गाढवाने त्यावर काळी पट्टी चिकटवली होती. म्हणाला, डोळ्यात खुपतो. मी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. म्हणून हसला असेल. माणसं डूख धरतात.

तुझी गाडी पोलिसांनी सोडल्यापासून आपल्याच मागच्या आवारात पडून आहे. पंचनामा झाला, ब्रेकचे पाइप, हवेचा दाब सगळं तपासून झालं, त्यात दोष निघाला नाही. आता पंचवीस तारखेला ती भंगारात जाणार. परवा सहज पाहून आलो. केबिनमध्ये माझा टाइप केलेला कागद अजून चिकटलेला आहे, एक कोपरा सुटलाय फक्त. सीटखाली तुझी जाळं विणायची सुई सापडली. ती मी ठेवली आहे, येशील तेव्हा देईन.

शेवंती बरी आहे ना? एक ओळ तरी लिही रे.

विश्राम

हेही फाड.


डोंबिवली
१६ मार्च १९९९

गुणाजी,

हे किती दिवस चालवणार आहेस? मी चवथं पत्र लिहितोय. हल्ली पोस्टमन गल्लीत शिरला की मी गॅलरीत जाऊन उभा राहतो. मंदाकिनी विचारते, कोणाच्या पत्राची वाट बघताय? मी म्हणतो, विम्याच्या.

तुला काय कळलंय तेवढं मला सांग. धोंडीबा तुझ्याकडे आला होता का? काय म्हणाला? तो दारूत काहीही बरळतो. आणि समजा काही म्हणाला असलाच, तर नऊ दिवसांनी गाडी भंगारात गेल्यावर कोण काय सिद्ध करणार? गप्प राहून तू मला शिक्षा देतो आहेस. दे. पण मग समोर येऊन दे, शिव्या घाल, मी ऐकून घेतो.

पुढची तारीख मागितलीस की नाही?

विश्राम

फाड.


डोंबिवली
२३ मार्च १९९९

गुणाजी,

काल दुपारी शेवंती घरी आली होती. तुला न सांगता आली, तिच्यावर रागावू नकोस. मंदाकिनीने पाणी दिलं, ते तिने घेतलं नाही. पदराखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि टीपॉयवर ठेवला. त्यात माझी चारही पत्रं होती, घडीवर घडी.

म्हणाली, “साएब, यातला एक बी त्यांनी फारला नाय. रोज काढतान, वाचतान, परत ठेवतान.”

मी म्हटलं, “माझ्यावर एवढा राग आहे त्याचा?”

ती म्हणाली, “राग? कसला राग? लाज वाटते त्यांना तुमची. म्हनतान, साएबांनी अकरा दिवस शिकवला, आणि मी त्यांची येवरी मोठी गारी मोरली, मानूस मारला. बाजारान तुमाला बघून घरी आले नि जेवले नाय.”

गुणाजी, अडीच महिने मी समजत होतो की तुला सगळं कळलंय आणि म्हणून तू तोंड फिरवतोस. तुला काहीच कळलेलं नव्हतं. तू माझ्यासमोर शरमिंदा होतास. माझ्यासमोर!

मग ती म्हणाली, “जेवाला बसले का उजवा पाय जमिनीवर दाबतान. ताट हालतं. मी म्हनते, दिव्याचा सांगा ना कोर्टान. तं म्हनतान, नाय, तो भास होता, साएबांनी लिवलाय. साएब खोटा नाय लिवनार. सहा तारखेला गुन्हा कबूल करनार हाय ते. वकिलाला नको म्हनून सांगितलाय.”

डबा तिथेच ठेवून ती उठली. दारात चपला घालताना म्हणाली, “तुमी त्यांचे दोस्त हाव. खरा काय ता तुमीच सांगा त्यांना.” तिला काही माहीत नव्हतं. ती फक्त तुला समजवायला कोणीतरी हवं म्हणून आली होती.

आता सांगतो. मध्ये थांबलो तर पुन्हा सबबी सांगायला लागेन, म्हणून एका दमात लिहितो.

तुला भास झाला नव्हता. चौकशीत तू म्हणालास, “आधी चावी फिरवली का मी तीन मोजीपर्यंत दिवा विझायचा, इंजिन लावाचे आधीच. दोन महिने झाले, आता इंजिन लागल्यावरच विझतो.” सगळे हसले आणि मी म्हटलं, दिव्यात काही फरक नव्हता. शंभर माणसांत हा फरक फक्त तुझ्या लक्षात आला होता, आणि तो खरा होता.

जूनमध्ये तुझ्या ट्रेलरच्या उजव्या चाकाचा सेन्सर मेला. तू त्या आठवड्यात गावच्या लग्नाला होतास. दिवा जळत राहिला. नवीन सेन्सर परदेशातून यायला तीन महिने लागणार होते आणि पुढच्या सोमवारी परदेशी भागीदारांचा इन्स्पेक्टर यायचा होता. मॅनेजर म्हणाले, काहीतरी करा. त्यांनी काय करा हे सांगितलं नाही, ते माझं डोकं. धोंडीबाची काळी पट्टी म्हणजे अडाणीपणा, कोणीही पकडला असता. मी दिव्याची मूळ वायर तोडली आणि तो ऑइलच्या दिव्याला जोडला. ऑइलचा दिवा चावी फिरवली की लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो. म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, लागला, विझला, सगळं ठीक. इन्स्पेक्टरने चावी फिरवून बघितलं, मान हलवली आणि सही केली. मला स्वतःचं कौतुक वाटलं गुणाजी, हे खोटं कशाला बोलू? त्या दिवशी मी घरी जाताना पेढे घेतले होते.

सोमवार झाला की काढायचं असं ठरवलं होतं. काढलं असतं तर दिवा पुन्हा जळत राहिला असता आणि गाडी सेन्सर येईपर्यंत उभी राहिली असती. म्हणून राहू दिलं. आज काढू, उद्या काढू.

धोंडीबाला मी हे सांगितलं होतं. तू रजेवर असलास की तुझी गाडी तो काढायचा. म्हटलं, या गाडीला नवे ब्रेक नाहीत असं समज, दाबत-सोडत चालव. म्हणून तो सुरक्षा दिनाला हसला.

तुला सांगितलं नाही. विसरलो नाही, मुद्दाम सांगितलं नाही. कारण मला ठाऊक होतं, तुला कळलं असतं तर तू चावी माझ्या टेबलावर ठेवली असतीस आणि गाडी काढली नसतीस. धोंडीबाने काढली, तू काढली नसतीस. एवढ्याच कारणासाठी तुला सांगितलं नाही.

एकोणीस ऑगस्टला शीळ रोडच्या उतारावर पुढची एस.टी. अचानक थांबली. टँकर रिकामा, रस्ता ओला. तू समोर बघितलंस, दिवा विझलेला होता. तू पाय पूर्ण दाबलास आणि सोडला नाहीस. ट्रेलरची चाकं जाम झाली, तो आडवा फिरला आणि कडेने चाललेल्या काळुरामवर गेला. दिवा जळत असता तर तू तुझ्या जुन्या सवयीने दाबत-सोडत आला असतास, आणि कदाचित एस.टी.चा मागचा बंपर वाकण्यावर भागलं असतं. त्याची खात्री मी देऊ शकत नाही. पण तू चुकला नाहीस हे मी खात्रीने सांगतो. कागदावर जे लिहिलं होतं तेच तू केलंस, आणि कागद माझा होता. मी शिकवलं, मीच खोटं दाखवलं, आणि मग मीच साक्षीला उभं राहून सांगितलं की चूक तुझी. वर चार पत्रं लिहून तुझ्या डोळ्यांनी पाहिलेलंही तुझ्याकडून काढून घेतलं.

अजून एक आहे. पाच मार्चच्या पत्रात लिहिलं की गाडी सहज पाहून आलो. खिशात पक्कड होती. डॅशबोर्ड उघडून मी माझा जोड दोन्ही बाजूंनी कापला आणि खिशात टाकून आणला. आता गाडीत काहीही शिल्लक नाही. भंगारात जाण्याआधी कोणी शोधलं तरी तुटकी टोकं सापडतील, आणि अपघातात वायरी तुटतातच.

तो तुकडा सोबत ठेवला आहे. टेप मी सोडवली आहे, आत बघ. वर्कशॉपमध्ये सगळे जण वायरी नुसत्या पिळून टेप मारतात. टेपखाली दोरा बांधतो तो मी एकटा, आणि तो जाळ्याचा दोरा तू दिलेला. गाठही तू शिकवलेली, खाडीच्या पाण्यात ओढली की अजून घट्ट होणारी. या कंपनीत ती गाठ दोनच माणसांना येते आणि त्यातला एक जूनच्या त्या आठवड्यात रजेवर होता. हजेरी बघायला सांग. धोंडीबाला मी काल रात्री भेटलो. साक्षीला येतो म्हणालाय. येईल की नाही देव जाणे, तू माझ्याच साक्षीवर धरून चाल.

आज सकाळी हे सगळं मंदाकिनीला वाचून दाखवलं. काचेची ढाल तिने शोकेसमधून काढली आणि माळ्यावर टाकली. नंतर वही घेऊन आली आणि तिच्या शाळेच्या अक्षरात या पत्राची नक्कल करून घेतली. ती मी उद्या कल्याणला पोलिसांना देणार आहे आणि गाडी भंगारात जाऊ देऊ नका असा अर्जही. मी काय शिक्षेला पात्र आहे ते ते ठरवतील. मला भीती वाटते. ढुंगणाखालची खुर्ची गेल्यावर मी काय करीन ते कळत नाही, आणि काळुरामच्या घरी कुठल्या तोंडाने जाईन तेही कळत नाही. पण जाणार आहे. तू गेला होतास हे शेवंतीने सांगितलं. त्याच्या आईने तुझ्या अंगावर पाण्याचा तांब्या फेकला आणि तू तो उचलून तिच्या ओट्यावर ठेवून आलास. तो तांब्या माझ्या अंगावर पडायला हवा होता.

हे पत्र टपालाने पाठवत नाही. डब्यासकट घेऊन मीच कळव्याला येतोय. तू बोलला नाहीस तरी चालेल, दार उघडलं नाहीस तर ओट्यावर ठेवून जाईन. सहा एप्रिलला कोर्टात ‘कबूल’ म्हणू नकोस. तेवढं माझं ऐक. ‘साएब सांगतात म्हणून’ ऐकू नकोस, वाचून पटलं तर ऐक. मी त्या दिवशी दहा वाजल्यापासून कोर्टाच्या आवारात असेन.

जेवताना पाय दाबू नकोस रे. सांगितलेलं सगळं तुझ्या पायाने बरोबर केलं होतं.

मंदाकिनी म्हणते, खाली नाव पूर्ण लिहा.

विश्राम रघुनाथ सबनीस
वर्कशॉप सुपरिंटेंडेंट

ता. क. हे फाडू नकोस. डब्यातल्या आधीच्या चारांसकट वकिलाला दे.